भाट विकत घेऊ, पण कुणाच्या नावावर?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्याच्या बार्देश तालुक्यात डोंगराच्या उतारावर एकसष्ट घरांची वस्ती आहे. बहुतेक जण सावंतवाडी, दोडामार्ग, चंदगड, बेळगावकडून आलेले. सगळ्यात जुनी घरे चाळीस वर्षांची. पन्नासेक घरे एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (जमिनीत) आणि वरच्या अंगाची दहा-अकरा कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या, हद्दीत. भाटकार वारला. मुलगा लिस्बनला, मुलगी मडगावला, आणि जमीन वस्तीलाच विकायची दोघांची तयारी आहे. ‘कुणीतरी सांगितलं की प्रत्येकाच्या नावाचे तुकडे पाडू नका, कम्युनिटी लँड ट्रस्ट करा. हे गोव्यात चालतं का, की नुसती परदेशी फॅशन? आणि इसार आत्ताच देऊन टाकायचा का?’

चालते. पण तुम्ही सुरुवात शेपटाकडून करताय. ट्रस्टचा दस्त हे या कामातले शेवटचे आणि सगळ्यात सोपे पान. म्हापशातला कुठलाही बरा वकील तो आठवड्यात लिहून देईल. मी सव्वीस वर्षे बार्देश-तिसवाडीतल्या वस्त्यांमध्ये काम करते आहे, आणि माझी पहिली मोठी चूक नेमकी हीच होती. एका वस्तीत ‘आधी संस्था होऊ दे, मग बाकीचे बघू’ म्हणून सात सह्या गोळा करून सोसायटी नोंदवली. अध्यक्ष केले रस्त्यालगतच्या किराणा दुकानदाराला, कारण त्याला वेळ होता आणि अक्षर चांगले होते. चार वर्षांनी कळले की गृहस्थ शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘सभासदत्व’ विकत होते. घेणारे हुबळीकडून नुकते आलेले गवंडी. त्यांना वाटले जागा मिळाली. सभासद कोण आणि कोण नाही हे सांगणारी वही कुणाकडेच नव्हती, त्यामुळे त्यांना ‘तुमचे नाव नाही’ असेही म्हणता येईना आणि ‘आहे’ असेही.

तर आधी कल्पना नीट समजून घ्या, मग वहीकडे येऊ.

लँड ट्रस्टमध्ये जमीन आणि घर वेगळे होतात. जमीन संस्थेची, कायमची, न विकण्यासाठी घेतलेली. घर तुमचे. जमिनीसाठी संस्था तुम्हाला लांब मुदतीचा, बहुधा ९९ वर्षांचा, भाडेपट्टा देते. तो वारसाहक्काने मुलांकडे जातो. घर विकता येते, पण संस्थेने ठरवलेल्या हिशेबाने आणि संस्थेने मान्य केलेल्या माणसाला. इथे सगळ्यांच्या कपाळावर आठी येते. ती का पडू नये हे पुढे सांगते.

परदेशी फॅशनचे म्हणाल, तर तिची एक मुळी आपल्याच अंगणातून गेली आहे. या नावाची पहिली संस्था १९६९ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात उभी राहिली, न्यू कम्युनिटीज. मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून जमीनदारांनी हुसकावलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी. तिच्या उभारणीत असलेले रॉबर्ट स्वान यांच्यासमोर विनोबांच्या ग्रामदानाचे उदाहरण होते. ग्रामदानाची पहिली घटना १९५२ ची, उत्तर प्रदेशातल्या मंगरोठची. जमीन गावाच्या नावावर, कसणे घराकडे, बाहेरच्याला विक्री नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामदान कायद्याखाली हेच केले. म्हणजे गागोद्यात जन्मलेल्या आपल्या माणसाचा विचार जॉर्जियाला जाऊन वकिली इंग्रजीत परत आला, आणि आपण त्याला परदेशी म्हणतोय.

गोव्यात तर विनोबांपर्यंतही जायला नको. गावकारी म्हणजे काय होती? गावाची जमीन गावाची. शेते दर तीन वर्षांनी पावणी (लिलाव) करून गावातल्यांना कसायला द्यायची, त्या उत्पन्नातून बांध, मानशी (पाणी अडवायची दारे), देऊळ, बलुतेदार सांभाळायचे, उरेल ते गावकारांत झोण म्हणून वाटायचे. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोराल सनदेत हा रिवाज लिहून घेतला, नाव कोमुनिदाद दिले, आणि आजही या २२३ संस्था १९६१ च्या संहितेवर चालतात. घरासाठी जागा देताना कोमुनिदाद ती आफोरामेंतावर द्यायची. मूळ मालकी संस्थेची, वापराचा हक्क तुमचा आणि वर्षाला ठरावीक फोर, म्हणजे भाडे. आता हे आणि लँड ट्रस्टचा भाडेपट्टा शेजारी ठेवा. फरक शोधायला चष्मा लागेल.

पण दोन फरक आहेत, आणि दोन्ही तुमच्या कामाचे. एक, फोर एकरकमी भरून सोडवून घेता येतो. सोडवला की जागा कायमची संस्थेच्या हातून गेली. एकेक करून अशा किती जागा गेल्या आणि त्यांवर पुढे काय उभे राहिले, हे पर्वरी-कांदोळीच्या रस्त्याने जाताना दिसते. दुसरा फरक जास्त खोल आहे. गावकारीचे दार जन्माने उघडते, तेही पिढ्यान्‌पिढ्या पुरुष वंशजांसाठीच. गावकाराचा नातू तीस वर्षे टोरंटोला राहिला तरी झोणकार, आणि त्याच गावात चाळीस वर्षे चिरे फोडणारा कायमचा भायला, म्हणजे बाहेरचा. तुमच्या ट्रस्टने हे दार कशावर उघडायचे ते ठरवायचे आहे: रक्तावर, पैशावर की राहण्यावर. माझे मत स्पष्ट आहे, राहण्यावर. पण ‘राहतो’ म्हणजे कोण, हे ठरवताना वस्ती फुटते. म्हणून वही.

वही कशी करतात ते एकदा दाखवते. मागच्या एका वस्तीत आम्ही मे महिन्यात सुरू केले. पावसाळ्यात उतारावर दोरी धरता येत नाही आणि चवथीला अर्धी वस्ती गावाला जाते. पाच बायका, दोन पोरगे, एक पन्नास मीटरची टेप, निळ्या रंगाचा डबा. प्रत्येक दारावर आकडा. घराची लांबी-रुंदी, भिंत चिऱ्याची की पत्र्याची, चुली किती, माणसे कोण, कधीपासून, कागद काय. घरपट्टीची पावती, विजेचे पहिले बिल, पोराचा शाळेतला दाखला, मतदार यादीतले नाव, जे असेल ते. सतराव्या आणि अठराव्या घरामध्ये दीड फुटाची गल्ली. सतरावालीने तिथे मोरी बांधलेली, अठरावालीचे म्हणणे की पाणी आमच्या जोत्यात मुरते. दोघी सहा वर्षे बोलत नव्हत्या. टेपचे एक टोक एकीच्या हातात दिले, दुसरे दुसरीच्या. आकडा निघाला एक फूट सात इंच, आणि त्यातला कोणाचा किती, यावर पाऊण तास गेला. शेवटी नकाशावर ती पट्टी ‘गटार, सामायिक’ अशी रंगवली आणि दोघींचे अंगठे घेतले. त्या दिवशी पुढे फक्त तीन घरे मोजून झाली. पण तीन वर्षांनी वकिलाने नकाशावर बोट ठेवून ‘ही पट्टी कुणाची?’ विचारले, तेव्हा दोघी एकदम बोलल्या: ‘सगळ्यांची.’

ही मोजणी सरकारी सर्व्हेअर किंवा एखाद्या कॉलेजच्या पोरांकडून करून घेऊ नका. नकाशा त्यांचा सुबक येईल, पण वस्तीतल्या कुणालाच तो वाचता येणार नाही. १९८५ मध्ये मुंबईत भायखळ्याकडच्या फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणती झाली आणि त्यातूनच पुढे महिला मिलनसारखे संघटन उभे राहिले. आपली गणती आपण करायची ही त्या कामाची पुढे खूणच झाली. त्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करायची मुभाही महापालिकेला ठेवली. निकालाचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा नाही.

वहीत भांडण कुठे पेटते, तर भाडेकरूवर. तुमच्या एकसष्टांत अशी किती घरे आहेत, जिथे मालक चंदगडला आणि आत बिहारचे चार वेल्डर? अशी किती, जिथे एकाच माणसाच्या चार खोल्या? पत्रात तुम्ही हे लिहिलेले नाही, आणि लिहिलेले नाही म्हणजे आहे. माझा नियम असा. एका चुलीला एक भाडेपट्टा, आणि तो तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाला. चार खोल्यावाल्याला एकच. उरलेल्या तीन बांधल्याचा खर्च त्याला हप्त्याने परत. भाडेकरूंची दुसरी यादी, वर्षांच्या क्रमाने. घर रिकामे झाले की पहिला हक्क त्या यादीचा. हा नियम लोकांना कडू लागतो. चार खोल्यावाला बहुधा पंचाच्या उठण्या-बसण्यातला असतो, तो तुम्हाला त्रास देईल. तरीही हे जमीन घेण्याआधी ठरवा. नंतर प्रत्येक खोलीला बाजारभाव चिकटलेला असतो आणि मग कुणी ऐकत नाही.

भाडेपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. ओडिशाने २०१७ च्या कायद्याखाली झोपडपट्टीवासीयांना जमिनीचे हक्क देताना संयुक्त नावाचाच आग्रह धरला. तो हक्क वारसाने जातो आणि घरकर्जासाठी गहाण ठेवता येतो, पण विकता येत नाही.

आता त्या आठीकडे. ‘पैसे आम्ही भरायचे आणि विकायचे स्वातंत्र्य नाही?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि तो रास्त आहे. उदाहरण घ्या. तुम्ही घरावर चार लाख घातले. दहा वर्षांनी बाजार म्हणतो चौदा लाख. वाढ दहा लाखांची. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरातल्या, १९८४ पासून चालत आलेल्या ट्रस्टमध्ये घरवाल्याला वाढीचा पाव हिस्सा मिळतो. तो धरला तर तुमच्या हाती साडेसहा लाख येतात आणि पुढचे कुटुंब चौदाऐवजी साडेसहातच आत येते. तुम्ही पाव ठेवा, अर्धा ठेवा, किंवा नुसता बांधकामाचा खर्च अधिक महागाई असे ठेवा. मला स्वतःला शेवटचा बरा वाटतो, कारण उतारावरच्या घराचा ‘बाजारभाव’ ठरवायला माणूस आणायचा म्हणजे पुन्हा पैसे आणि पुन्हा संशय. पण काही ना काही ठेवा. बंधन नसेल तर काय होते ते तुम्ही शेजारच्या कुठल्याही वाड्यावर बघा: पहिला कोणीतरी मुलीच्या लग्नाला विकतो, घेणारा दिल्लीचा, तो शेजारची दोन घेतो, गडगा घालतो, आणि पाच वर्षांत तुमच्या पायवाटेवर फाटक असते.

हे बंधन भाडेपट्ट्यातच का घालायचे, खरेदीखतात का नाही, त्याला कायद्याचे कारण आहे. संपत्ती हस्तांतरण कायद्याचे कलम १० सांगते की मालमत्ता देताना ‘पुढे कधी विकायची नाही’ अशी पूर्ण बंदी घातली तर ती अट रद्दबातल. त्याच कलमात अपवाद आहे: भाडेपट्टा, आणि अट पट्टा देणाऱ्याच्या हिताची असेल तर. म्हणजे तुम्ही पन्नास तुकडे करून पन्नास खरेदीखते केली आणि प्रत्येकात ‘बाहेरच्याला विकणार नाही’ असे लिहिले, तर ती ओळ कोर्टात तग धरेल याचा भरवसा नाही. तीच ओळ पट्ट्यात लिहिली तर धरेल. या एका कलमासाठी हा सगळा खटाटोप आहे असे म्हटले तरी चालेल. पट्टा एक वर्षाहून जास्त मुदतीचा असल्याने नोंदणी सक्तीची. नोटरीवर भागवू नका.

संस्था कुठल्या प्रकारची? बहुतेक वकील सहकारी गृहनिर्माण सोसायटी सुचवतील, गोव्याच्या २००१ च्या सहकार कायद्याखाली. करायला सोपी, बँकांना ओळखीची. अडचण एकच आहे. सभासद म्हणजेच मालक, आणि मालकांनी बहुमताने एक दिवस बिल्डरला हो म्हटले तर अडवणारा कोणी नाही. म्हणून मी दोन संस्था करते. रहिवाशांची सोसायटी, जिच्यात दरमहा बैठक, निवडणूक, नळ-गटाराची भांडणे. आणि जमीन धरणारा वेगळा ट्रस्ट. ट्रस्टच्या मंडळात निम्म्याहून अधिक माणसे सोसायटीने निवडलेली, उरलेली बाहेरची: एखादी निवृत्त शिक्षिका, आजूबाजूच्या वाड्यावरचा कोणी, हिशेब कळणारा एक. जमीन विकायची तर रहिवाशांची चार-पंचमांश मते आणि बाहेरच्यांचीही संमती, दोन्ही हवे. ट्रस्टचे उद्दिष्ट लिहिताना ‘अमुक एकसष्ट कुटुंबांसाठी’ असे लिहू नका. ‘या भागातील गरीब कुटुंबांच्या निवाऱ्यासाठी’ असे सार्वजनिक उद्दिष्ट लिहा. खासगी लाभासाठी मालमत्ता अनंत काळ बांधून ठेवता येत नाही. लोकोपयोगी कामासाठी कायदा सूट देतो. ही गोष्ट वकिलाला विचारून बघा. त्याने लगेच मान डोलावली नाही तर दुसरा वकील.

गोव्यात एक गंमत आहे. ‘ट्रस्ट’ म्हटले की वस्तीतले लोक बिचकतात, पण ‘देवस्थानचे महाजन’ म्हटले की सगळ्यांना कळते. मालमत्ता देवाची, महाजन सांभाळणारे. १९३३ च्या नियमावलीवर ही देवळे आजही चालतात. मी बैठकीत हेच सांगते. जमीन देवाची समजा, फक्त इथे महाजन घराण्याने होत नाहीत, तुम्ही निवडून देता. मग कोणीतरी हमखास म्हणते, ‘म्हणजे भांडणेही देवळासारखीच होणार.’ होतील.

हे सगळे मोठ्या वस्तीत, गरिबांनी, सरकारशी भांडून करून दाखवल्याचे सगळ्यात चांगले उदाहरण पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनमधले आहे. कान्यो मार्तिन पेन्या नावाच्या कालव्याच्या काठी आठ वस्त्या, खारफुटीत भर घालून उभ्या राहिलेल्या. कालवा गाळाने बुजलेला, पाऊस आला की सांडपाणी घरात. सरकारने गाळ काढायचे ठरवले. वस्तीतल्यांनी बरोबर ओळखले: कालवा साफ झाला की जागेचा भाव वाढणार आणि आपण जाणार. २००२ ते २००४ मध्ये त्यांनी सातशेहून अधिक बैठका आणि कार्यक्रम घेतले. मालकीचे सगळे प्रकार तपासून पाहिले, वैयक्तिक पट्टा, सहकारी संस्था, आणि शेवटी लँड ट्रस्ट निवडला. २००४ च्या कायदा क्रमांक ४८९ ने सुमारे दोनशे एकर सरकारी जमीन त्या ट्रस्टकडे आली. घरवाल्यांना जमिनीच्या पृष्ठभागाचा हक्क, नोंदवलेला, वारसाने जाणारा.

पण मला त्यातले पुढचे पान जास्त महत्त्वाचे वाटते. २००९ मध्ये सरकार बदलले आणि नवा कायदा करून जमीन काढून घेतली. कागद होता, नोंदणी होती, कायदाच होता, तरी गेली. २०१३ मध्ये ती परत मिळाली. मधल्या चार वर्षांत त्या सातशे बैठकांमधून तयार झालेली माणसे कोर्टात आणि रस्त्यावर उभी होती म्हणून. दुकानदाराच्या सात सह्यांवर ती परत आली नसती.

आणि न्यू कम्युनिटीजचे काय झाले तेही सांगायला हवे, कारण विनोबांचे नाव घेऊन मी तुम्हाला खूश करून ठेवले आहे. सुमारे ५,७०० एकर त्यांनी कर्ज काढून घेतले होते. दुष्काळाची वर्षे आली, सरकारी शेती-कर्ज गोऱ्या शेजाऱ्यांना मिळाले आणि यांना अडवले गेले, आणि १९८५ मध्ये गहाण जमिनीचा लिलाव झाला. पुढे भेदभावाच्या खटल्यात २००९ मध्ये त्यांना १.२ कोटी डॉलर मिळाले आणि त्यांनी पुन्हा जमीन घेतली, पण मधली चोवीस वर्षे गेली ती गेलीच. म्हणून ट्रस्टच्या दस्तात जाड अक्षरात: जमीन गहाण ठेवायची नाही, कुठल्याही कारणाने, कुठल्याही बहुमताने. ज्याला घर दुरुस्तीला कर्ज हवे त्याने आपला पट्टा आणि घर तारण द्यावे, तेही ट्रस्टच्या परवानगीने.

मग खरेदीला पैसे कुठून? थायलंडमध्ये २००३ पासून चाललेल्या बान मानकोंग या गरीब वस्त्यांच्या घरांसाठीच्या कार्यक्रमात सरकारी निधी कर्ज देतो, पण एकेकट्याला नाही, गटाला. आणि आधी गटाची बचत दिसावी लागते. आपल्याकडे असा निधी नाही, पण क्रम तोच ठेवा. आजपासून दर रविवारी प्रत्येक घरातून ठरलेली रक्कम, लहान का असेना, बँकेच्या खात्यात तीन बायकांच्या सहीने. वर्षभर एकही आठवडा न चुकवणारी घरे किती, यावरून मला तुमच्या वस्तीबद्दल जे कळेल ते कुठल्याही अर्जावरून कळणार नाही. वारसांना हप्त्याने पैसे घ्यायला राजी करा. बहुतेकदा ते होतात, कारण माणसे बसलेली जमीन दुसरा कोणी घेत नाही. हा तुमचा सौद्यातला हुकमी पत्ता आहे, तो ‘आम्हाला लगेच हवीय’ म्हणून वाया घालवू नका.

आता तुमच्या जमिनीचे. चार गोष्टी बघितल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकणार नाही.

सगळ्यात आधी, तुमच्यातले किती जण मुंडकार ठरतात? भाटकाराच्या संमतीने, भाडे न देता, त्याच्या जमिनीत घर करून राहिलेल्यांना १९७५ च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण आहे. घर आणि भोवतालची जागा, गावात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिका हद्दीत २०० पर्यंत, विकत घेण्याचा हक्क आहे, आणि त्याची किंमत आजच्या बाजाराशी जुळत नाही. जुन्या आठ-दहा घरांत तरी अशी कुटुंबे निघतील असा माझा अंदाज. त्यांनी ट्रस्टच्या उत्साहात आपला हक्क सोडल्याची सही करू नये. मामलेदाराकडे अर्ज करून तो हक्क नोंदवून घ्यावा. मग वाटले तर आपण होऊन ट्रस्टमध्ये यावे. मुंडकारांना बाजूला ठेवून एकी होत नाही हे खरे, पण फसवून केलेली एकी पहिल्या नातवापर्यंतसुद्धा टिकत नाही.

दुसरे, वारस खरेच दोघेच आहेत का? इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि वाटणी ठरवणारी कोर्टातली प्रक्रिया, झाली आहे का, की नुसते ‘आम्ही दोघे’ असे तोंडी? गोव्यात लग्नाबरोबर मालमत्ता सहसा दोघांची होते. लिस्बनच्या मुलाच्या बायकोची आणि मडगावच्या मुलीच्या नवऱ्याची सहीसुद्धा हवी. भाटकाराची बायको हयात असेल तर अर्धी मालमत्ता तिचीच. एक सही राहिली म्हणून अडकलेला व्यवहार मी अकरा वर्षे पाहते आहे. त्या वस्तीतली पैसे भरणारी निम्मी माणसे आता नाहीत.

तिसरे, एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा आणि झोनिंगचा दाखला. जमीन भातशेती म्हणून लागलेली असेल तर २०२३ चा कायदा शेतकरी नसलेल्याला ती घेऊ देत नाही. २५ टक्क्यांहून जास्त उतार असेल तर प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ती बांधकामबंद. बागायत असेल तर सनदेचा, म्हणजे जमिनीचा वापर बदलण्याच्या परवानगीचा, प्रश्न. यातले काही सुटते, काही नाही, आणि जे सुटत नाही ते पैसे दिल्यावर कळण्यात अर्थ नाही.

चौथे, वरची दहा-अकरा घरे. त्यांना या सौद्यात ओढू नका, पण संघटनेतून सोडूही नका. कोमुनिदादच्या जमिनीचा मार्ग वेगळा आहे. २०२५ मध्ये विधानसभेने संहितेत दुरुस्ती करून २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची घरे नियमित करण्याची वाट काढली. गावकारांनी कडाडून विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही: जमीन त्यांची, मतपेटी दुसऱ्याची. तुम्ही त्या भांडणात शिरू नका. त्या घरांचे २०१४ पूर्वीचे पुरावे मात्र आजच एका फाईलमध्ये लावा, आणि तिथे एक खोलीही वाढवू नका. सरकारी किंवा कोमुनिदादच्या जमिनीवर नवे बांधकाम हा १९९५ च्या कायद्याने गुन्हा आहे. एप्रिल २०२४ मध्ये सांगोल्ड्याची घरे हायकोर्टाच्या आदेशावरून पडली तीही कोमुनिदादच्याच जागेतली. हे घाबरवायला सांगत नाही. खालची पन्नास घरे सुरक्षित झाली की वरच्या दहांकडे त्यांचे लक्ष राहत नाही, हे मी दोनदा पाहिले आहे. म्हणून रविवारच्या बचतीत त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या. त्यांना पट्टा नाही मिळाला तरी रिकाम्या होणाऱ्या घरावर भाडेकरूंच्या यादीबरोबर त्यांचेही नाव असू दे, आणि हे वहीत आत्ताच लिहा.

कोमुनिदादकडूनच ट्रस्टला आफोरामेंतावर जागा मागावी का, असेही तुम्ही विचाराल. कागदावर विचार सुंदर आहे. आजच्या हवेत मला तो होताना दिसत नाही.

इसाराचे. देऊ नका. मुलगा चवथीला किंवा नाताळला येईल तेव्हा ‘थोडे तरी द्या, म्हणजे दुसऱ्याला शब्द देणार नाही’ असे म्हणेल. त्याला चहा द्या, वही दाखवा, निळे आकडे घातलेला नकाशा दाखवा, आणि पासबुक. इन्व्हेंटरीची प्रत आणि चारही सह्यांचे मुखत्यारपत्र घेऊन आला की नोंदणीकृत करार, तोही ट्रस्टच्या नावाने. तोवर ट्रस्ट झाला नसेल तर सोसायटीच्या नावाने. एका माणसाच्या नावाने कधीही नाही, तो माणूस तुम्ही स्वतः असलात तरी. पत्राखाली एकट्याचीच सही पाहिली म्हणून हे लिहिते. पुढच्या पत्रावर निदान पाच घरांच्या सह्या येऊ द्यात, त्यातल्या तीन बायकांच्या, आणि एक सतराव्या-अठराव्यासारख्या न बोलणाऱ्यांपैकी.